देशबंधू आणि अलीपूरची मुले

६ मे १९०९ रोजी कलकत्त्याच्या अलीपूर भागातील सत्र न्यायालयाला सशस्त्र पोलिसांनी वेढा घातला होता. आत, तारेच्या जाळीने बंदिस्त केलेल्या आरोपींच्या पिंजऱ्यात छत्तीस जण निकालाची वाट पाहत उभे होते. त्यांतले कित्येक कॉलेजात जाण्याच्या वयाचे. काही तर शाळेच्या बाकावरून नुकतेच उठलेले. न्यायाधीश चार्ल्स बीचक्रॉफ्ट यांनी दोघांना फाशी, दहा जणांना जन्मठेप काळे पाणी आणि सात जणांना कमी मुदतीच्या शिक्षा सुनावल्या. उरलेले सतरा निर्दोष सुटले. शिक्षा झालेल्यांपैकी उल्हासकर दत्त हा फाशीचा कैदी तेथेच गाणे गाऊ लागला, असे त्या दिवसाचे वर्णन आढळते.

सुटलेल्या सतरांपैकी एकच नाव देशाच्या लक्षात राहिले, ते अरविंद घोष यांचे. आणि त्यांना सोडवणारा अडतीस वर्षांचा बॅरिस्टर एका दिवसात सर्वज्ञात झाला. चित्तरंजन दास यांच्या चरित्रात हा खटला सहसा कीर्तीची पहिली पायरी म्हणून येतो. मात्र त्या पायरीवर त्यांच्यासोबत आणखी सोळा जण उभे होते, याची आठवण क्वचितच ठेवली जाते.

चित्तरंजनांचा जन्म ५ नोव्हेंबर १८७० चा. घराणे ढाका जिल्ह्यातील विक्रमपूरचे. वडील भुवनमोहन सॉलिसिटर होते, ब्राह्मो समाजाचे होते आणि हात इतका सैल की कमाई घरात टिकत नसे. प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन चित्तरंजन आयसीएससाठी विलायतेला गेले. तेथे दादाभाई नौरोजींच्या पार्लमेंटच्या निवडणुकीत प्रचाराची भाषणे त्यांनी केली. आयसीएस मात्र हुकली. बॅरिस्टर होऊन ते परतले तेव्हा घर कर्जात बुडाले होते आणि १९०६ मध्ये बापलेकांना नादारी पत्करावी लागली. नादार बॅरिस्टरकडे मोठी पक्षकार मंडळी कशाला वळतील? कविता लिहाव्यात, मिळतील ती कामे घ्यावीत, असे ते दिवस होते.

त्याच सुमारास बंगालमधील विद्यार्थी हा सरकारच्या दृष्टीने संशयिताचा एक वर्गच बनत चालला होता. वंगभंगानंतर ऑक्टोबर १९०५ मध्ये निघालेल्या कार्लाइल परिपत्रकाने राजकारणात भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर आणि त्यांच्या शाळांवर कारवाईची धमकी दिली. उत्तरादाखल राष्ट्रीय शिक्षणाची चळवळ उभी राहिली आणि बंगाल नॅशनल कॉलेजचे पहिले प्राचार्य म्हणून अरविंदबाबू बडोद्याची नोकरी सोडून आले. १९०७ मध्ये सुशील सेन नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाला मॅजिस्ट्रेट किंग्जफोर्ड यांनी पंधरा फटक्यांची शिक्षा दिली. पोलिसाशी झटापट केली, एवढाच त्याचा अपराध. शिक्षा भोगून आलेल्या या पोराचे कलकत्त्याने सत्कार केले. तो काळ असा होता की शिक्षा झालेला विद्यार्थी सभेत खांद्यावर मिरवला जाई. आरोपातून सुटलेल्या विद्यार्थ्याचे काय करायचे, हे मात्र त्या समाजाला अजून ठाऊक झाले नव्हते.

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे किंग्जफोर्ड यांची गाडी समजून फेकलेल्या बॉम्बने केनेडी कुटुंबातील दोन स्त्रियांचा बळी घेतला. दोन दिवसांत माणिकतळ्याच्या बागेवर धाड पडली. अरविंदांचे धाकटे बंधू बारींद्र आणि त्यांचे साथीदार स्फोटकांसह सापडले. पाठोपाठ गावोगावी धरपकड झाली. याच बॉम्बवर ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर मुंबईत राजद्रोहाचा खटला झाला. नऊ ज्यूरींपैकी सात जण विरुद्ध गेले, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. टिळक मंडालेला पोहोचले तेव्हा अलीपूरची मुले अद्याप कच्च्या कैदेत होती.

या मुलांपैकी कोणीच कटात नव्हते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. बारींद्र आणि उल्हासकर यांनी स्वतःच जबाब दिले होते. परंतु कटाच्या खटल्याचे जाळे नेहमीच गरजेपेक्षा रुंद विणलेले असते. ओळख, एकत्र मुक्काम, कोणाच्या कागदांत सापडलेले नाव. एवढ्यावरही माणूस त्यात अडकू शकतो. सिल्हेटकडच्या सेन कुटुंबातील तर तीन भाऊ या एकाच पिंजऱ्यात होते: हेमचंद्र, बीरेंद्र आणि तो फटके खाल्लेला सुशील.

बचावासाठी अरविंदांच्या भगिनी सरोजिनी यांनी लोकांकडे मदत मागितली. पैसे आले, पण पुरले नाहीत. आधीच्या वकिलांनी निधी संपताच काम सोडले आणि खटला चित्तरंजनांकडे आला. समोर मद्रासचे ख्यातनाम बॅरिस्टर अर्डली नॉर्टन, दिवसाला हजार रुपये फी घेणारे. इकडे नादारीचा शिक्का बसलेला वकील जवळपास विनामूल्य उभा. दोनशेहून अधिक साक्षीदार, हजारो कागदपत्रे, १२६ दिवसांची सुनावणी. या काळात चित्तरंजनांनी दुसरे काम जवळजवळ बंद केले. घरची गाडी-घोडे विकले गेले, कर्ज आणखी वाढले. दरम्यान माफीचा साक्षीदार नरेन गोस्वामी याला तुरुंगातच दोन आरोपींनी गोळ्या घातल्या आणि फेब्रुवारी १९०९ मध्ये सरकारी वकील आशुतोष विश्वास यांचाही खून झाला. अशा वातावरणात आरोपींची बाजू मांडणे म्हणजे केवळ कायद्याचा कीस काढणे नव्हते.

चित्तरंजनांचे अखेरचे भाषण आठवडाभराहून अधिक चालले. त्याचा अरविंदांविषयीचा शेवटचा भाग पुढे पाठ्यपुस्तकांत गेला. वकिली चातुर्य पाहायचे तर मात्र ते इतरत्र आहे. बारींद्रने अरविंदांना लिहिल्याचे सांगितलेले एक पत्र फिर्यादी पक्षाचा मोठा आधार होते. चित्तरंजनांनी ते बनावट असल्याचे मांडले आणि न्यायाधीशांनाही त्यावर विसंबावेसे वाटले नाही. गंमत अशी की हे बीचक्रॉफ्ट आणि अरविंद आयसीएसच्या परीक्षेला एकाच वर्षी बसले होते आणि ग्रीकमध्ये बीचक्रॉफ्ट यांचा क्रमांक अरविंदांच्या मागे होता.

सुटका झाल्यावर अरविंद आणि काही सहकारी चित्तरंजनांच्या घरी गेले. घरात वासंतीदेवींनी स्वागत केले, जेवणे झाली. पण या आनंदाला दुसरी बाजू होती. ज्या निकालाने सतरा घरांत दिवा लागला, त्यानेच दोन घरांवर फाशीची सावली टाकली होती. एकाच बातमीवर हसावे की रडावे, हे कलकत्त्याला त्या संध्याकाळी ठरवता आले नसेल. सरकारचा प्रश्न सोपा होता. बंगाल सरकारने अरविंदांच्या सुटकेविरुद्ध अपील करण्याचा गंभीरपणे विचार केला आणि मग तो सोडून दिला.

तीन आठवड्यांनी, ३० मे रोजी, उत्तरपाडा येथे अरविंदांच्या स्वागताची सभा झाली. तेथील भाषणात त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा, की तुरुंगात जाताना वंदे मातरम्‌च्या घोषाने दुमदुमणारा देश बाहेर येताना त्यांना नि:शब्द भासला. लोक सुटलेल्यांना भेटायला येत होते, हार घालत होते. चळवळ मात्र थिजली होती. जयघोष करणारे बरेच जण निर्दोषत्वाचा नव्हे, सरकारच्या फजितीचा आनंद मानत होते, असे वाटल्यावाचून राहत नाही. वार्ताहराच्या धंद्यात याचा अनुभव रोजचा. अटकेची बातमी मोठ्या टायपात लागते. सुटकेला चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ.

मग त्या सोळांचे काय झाले? प्रेसिडेन्सी कॉलेजचा विद्यार्थी नलिनीकांत गुप्त कॉलेजात परतला नाही. तो अरविंदांच्या मागे पाँडिचेरीला गेला आणि तेथेच लेखक म्हणून नावारूपास आला. देवव्रत बसू आणि सचिंद्रनाथ सेन यांनी रामकृष्ण मठाचा दरवाजा ठोठावला. न्यायालयाने सोडले तरी पोलिसांनी सोडलेले नव्हते. अशा दोघांना आत घेणे म्हणजे मठावर संशय ओढवून घेणे. तरीही मठाने त्यांना घेतले आणि पुढे दोघेही संन्यासी झाले. त्या काळातील समाजाने सुटलेल्यांना दिलेल्या प्रतिसादांत, हारतुऱ्यांहून हा प्रतिसाद मला मोलाचा वाटतो.

शिक्षा झालेल्यांच्या अपिलातही चित्तरंजन उभे राहिले. येथे मराठी वाचकाला दोन ओळखीच्या खुणा सापडतात. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते सर लॉरेन्स जेंकिन्स. हेच जेंकिन्स पूर्वी मुंबईचे मुख्य न्यायाधीश होते आणि ताईमहाराज प्रकरणात टिळकांना झालेली शिक्षा त्यांनी १९०४ मध्ये रद्द केली होती. दुसरी खूण म्हणजे बाळकृष्ण हरी काणे हा आरोपी. परक्या मुलखात, परक्या भाषेच्या गजबजाटात सापडलेल्या या मराठी तरुणाला सत्र न्यायालयाने सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली होती. नोव्हेंबर १९०९ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. फाशीच्या दोन्ही शिक्षा जन्मठेपेवर आल्या. पाच जणांबाबत जेंकिन्स आणि न्यायमूर्ती कार्नडफ यांचे मत जुळले नाही. तो प्रश्न तिसऱ्या न्यायाधीशांपुढे गेला आणि १९१० मध्ये सुशील सेन, कृष्णजीवन सान्याल, इंद्रनाथ नंदी हे तिघे सुटले. अशोक नंदी हा सात वर्षांची शिक्षा झालेला तरुण अपिलाचा निकाल लागण्यापूर्वीच क्षयाने मरण पावला होता.

सेन बंधूंचा हिशेब असा झाला: एक सत्र न्यायालयात सुटला, एक अपिलात सुटला, एक अंदमानात गेला. अपिलात सुटलेला सुशील १९१५ मध्ये क्रांतिकारकांच्या एका सशस्त्र मोहिमेत मारला गेला. तो आधीपासूनच त्या वाटेवर होता की फटके आणि दोन वर्षांच्या कैदेने त्याला त्या वाटेवर पक्के केले, याचे उत्तर जो तो आपापल्या राजकारणाप्रमाणे देईल.

याच वर्षी मिदनापूर कटाचा खटलाही कोसळला. त्यात दीडशेवर माणसे गुंतवली गेली होती. सरकारच्याच ॲडव्होकेट जनरलांनी, सत्येंद्रप्रसन्न सिंह यांनी, तीन सोडून बाकीच्यांवरील आरोप मागे घेतले. उरलेल्या तिघांना जून १९०९ मध्ये उच्च न्यायालयाने सोडले. त्यांपैकी एकाच्या वडिलांनी मग जिल्हाधिकाऱ्यावरच भरपाईचा दावा लावला. १९११ मध्ये त्यांना एक हजार रुपये मंजूर झाले, पण वरच्या अपिलात तेही गेले. खोट्या आरोपाची किंमत वसूल करण्याचा तो धाडसी प्रयत्न होता.

सरकारने या सुटकांमधून वेगळाच धडा घेतला. डिसेंबर १९०८ मध्येच कायदा बदलून अशा खटल्यांसाठी ज्यूरीविना विशेष न्यायपीठाची सोय करण्यात आली होती. त्याच महिन्यात १८१८ च्या जुन्या रेग्युलेशनखाली नऊ बंगाली पुढारी खटल्याविना हद्दपार झाले. हावडा कटात त्या विशेष न्यायपीठानेही १९११ मध्ये बहुतेक आरोपींना सोडले, तेव्हा न्यायालयाचा रस्ताच टाळण्याकडे कल वाढला. पहिल्या महायुद्धात भारत संरक्षण कायदा आला आणि शेकडो बंगाली तरुण आरोपपत्राविना स्थानबद्ध झाले. साक्षीदार उलटतपासणीत फोडता येतो, पत्र बनावट ठरवता येते. पण खटलाच नसेल तर वकिलाने करायचे काय?

चित्तरंजनांच्या पुढच्या आयुष्याला या प्रश्नाने वळण दिले, असे मानण्यास जागा आहे. अलीपूरनंतर त्यांची वकिली भरभराटीला आली. ढाका कटाच्या खटल्यातही ते आरोपींसाठी उभे राहिले. १९१३ मध्ये त्यांनी नादारीच्या काळातील सगळी देणी, कायद्याचे बंधन नसताना, फेडून टाकली. १९१७ पासून ते स्थानबद्धतेविरुद्ध जाहीर सभांत बोलू लागले. १९२० च्या नागपूर काँग्रेसला असहकाराला विरोध करण्याच्या तयारीने गेले आणि तो ठराव स्वतःच मांडून परतले. बंगालमधील सर्वांत मोठ्या प्राप्तींत गणली जाणारी वकिली त्यांनी सोडली. लोक त्यांना देशबंधू म्हणू लागले. विद्यार्थ्यांनी कॉलेजे सोडावीत, अशी हाक आता ते स्वतःच देत होते आणि १९२१ च्या अखेरीस मुलगा, पत्नी आणि पाठोपाठ ते स्वतः अटकेत गेले. गया काँग्रेसचे अध्यक्षपद, स्वराज्य पक्ष, हिंदू-मुस्लिम करार, कलकत्त्याचे महापौरपद, हे सारे पुढच्या तीन-चार वर्षांतले.

महापालिकेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या जागी त्यांनी सुभाषचंद्र बोस यांना नेमले. या दोघांची पहिली भेट राजकारणात झालेली नव्हती. १९१६ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून प्राध्यापक ओटन मारहाण प्रकरणी काढून टाकलेला विद्यार्थी सल्ल्यासाठी ज्या बॅरिस्टरकडे गेला, ते चित्तरंजन होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये बंगालमध्ये नवा वटहुकूम निघाला आणि त्याच दिवसांत सुभाषबाबूंना पकडण्यात आले. अलीपूरच्या मुलांसाठी १२६ दिवस झुंजलेल्या वकिलाला या वेळी उभे राहायला न्यायालयच नव्हते. आजारी अवस्थेत त्यांनी वटहुकुमाविरुद्ध कायदेमंडळात लढा दिला आणि राहते घर लोकांसाठी देऊन टाकले. तेथे पुढे स्त्रियांचे रुग्णालय निघाले.

१६ जून १९२५ रोजी दार्जिलिंगला देशबंधूंचे निधन झाले. कलकत्त्यातील अंत्ययात्रेत गांधीजी अग्रभागी होते आणि शहराने तेवढी गर्दी पूर्वी पाहिली नव्हती, असे सांगतात. सुभाषबाबू तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. मे १९२७ मध्ये ढासळलेल्या प्रकृतीमुळे त्यांना सोडण्यात आले. त्यांच्यावर खटला चालला नाही, त्यामुळे ते निर्दोषही ठरले नाहीत.