बिथुनियाची बंद वाट आणि आपले संत गोन्सालो

आजचे वाचन : प्रेषितांची कृत्ये १६ : ६-१०

मित्रांनो, आजचं वाचन फक्त पाच ओव्यांचं आहे. घाईत वाचलं तर नुसतं प्रवासवर्णन वाटतं, गावांची नावं आणि बोटीचा रस्ता. पण जरा थांबून बघा. पौल आणि त्याचे सोबती आशिया प्रांतात देवाचं वचन सांगायला निघालेत आणि पवित्र आत्माच त्यांना अडवतो. मग ते बिथुनियाकडे वळतात, तर तिथेही येशूचा आत्मा त्यांना जाऊ देत नाही. शेवटी ते समुद्रकाठच्या त्रोवसला येतात आणि तिथे रात्री पौलाला दृष्टान्तात मासेदोनियाचा एक माणूस बोलावताना दिसतो.

एक होकार मिळायच्या आधी दोन नकार. आणि मागणं काही वाईट नव्हतं, सुवार्ता सांगायची होती! चुकीचं काही मागितलं आणि मिळालं नाही तर ते समजू शकतं. चांगलंच मागितलं, मनापासून मागितलं, तरी नाही म्हणजे नाहीच. अशा वेळी काय करायचं?

हे वाचन आलं की मला वसईचे संत गोन्सालो गार्सिया आठवतात. नाव आपल्याला माहीत असतं. गासचं चर्च त्यांच्या नावाचं, वसईतलं कॉलेज त्यांच्या नावाचं. त्यांची गोष्टही दोन वाक्यांत सांगता येते : वसईत जन्मले, जपानमध्ये क्रुसावर मेले. या दोन टोकांच्या मधली जी वर्षं आहेत ती मात्र आपण सहसा गाळतो. आज तीच बघू या.

गोन्सालोचा जन्म १५५६ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. तेव्हा वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती आणि किल्ल्याच्या आत येशूसंघाच्या फादरांची शाळा होती. (किल्ल्यात गेलात तर त्यांच्या चर्चचे अवशेष अजून उभे आहेत. फोटो काढून झाले की दोन मिनिटं तिथे शांत उभे राहा.) मुलगा तिथे शिकला, फादरांच्या हाताखाली वाढला, आणि साधारण पंधरा वर्षांचा असताना त्यांच्यातल्याच एका फादरांबरोबर थेट जपानला गेला. पंधरा वर्षं! आपल्याकडे या वयात मुलाला एकट्याला विरारची लोकल पकडू द्यायची की नाही यावर घरात चर्चा होते.

जपानमध्ये तो कॅटेकिस्ट म्हणून काम करू लागला. भाषा लवकर आली, नुसती कामापुरती नव्हे तर चांगली आली. लोकांना धर्मशिक्षण देणं, फादरांचं बोलणं लोकांपर्यंत पोचवणं, असं हे काम जवळजवळ आठ वर्षं चाललं. या काळात त्याची एकच इच्छा होती, आपल्याला येशूसंघात घ्यावं. ज्यांनी शिकवलं, ज्यांच्याबरोबर घर सोडलं, त्यांच्यातलंच एक व्हावं. त्याने विचारलं. पुन्हा विचारलं. त्याला घेतलं नाही.

इथे बरेच जण लगेच म्हणतात, बघा, देवाची त्यापेक्षा मोठी योजना होती. मला हे वाक्य इतक्या लवकर म्हणावंसं वाटत नाही. आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून आपण म्हणतो. त्या पंचविशीच्या तरुणाला काय माहीत होतं? एवढंच, की आठ वर्षं मन लावून सेवा केली आणि दार उघडलं नाही. घर हजारो मैल लांब. ज्यांना आपलं मानलं त्यांनीच नाही म्हटलेलं. तुमच्यातल्या कुणाला सेमिनरीतून परत यावं लागलं असेल, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं असेल, कुणाला ज्या कामात जीव होता तिथेच नकार मिळाला असेल, तर त्या दिवसात योजनेच्या गोष्टी किती पोकळ वाटतात हे तुम्हाला ठाऊक असेल.

गोन्सालो बाहेर पडले आणि व्यापार करू लागले. हो, व्यापार. आणि त्यात त्यांचा चांगला जम बसला. पूर्वेकडच्या बंदरांतून ये-जा होऊ लागली, पैसा आला, ओळखी वाढल्या. संतचरित्रांत ही वर्षं एका ओळीत उरकतात, जणू ती वायाच गेली. मला तसं वाटत नाही. त्रोवसला पोचेपर्यंत पौलसुद्धा चालतच होता ना? अडवलं म्हणून तो रस्त्यात बसून राहिला नाही, आणि सोबत्यांना सोडून घरीही गेला नाही. गोन्सालोंनी व्यापार केला, पण जपानी भाषा विसरले नाहीत, प्रार्थना सोडली नाही आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांचा देवही सोडला नाही. रागावलेल्या माणसाला शेवटची गोष्ट सर्वात अवघड जाते.

व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपिन्समध्ये मनिलाला पोचले. तिथे त्यांची फ्रान्सिस्कन संघाच्या लोकांशी गाठ पडली. गरिबीत राहणारी, आजाऱ्यांची सेवा करणारी ही माणसं त्यांना भावली. धंदा बाजूला ठेवून ते त्यांच्यात गेले, फादर म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून.

आणि मग १५९३ मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता राजदूत म्हणून जपानला निघाले. तिथला सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याशी बोलायचं होतं. बोलणार कोण? जपानी येणारा माणूस हवा होता. ब्रदर गोन्सालोंना बरोबर घेतलं गेलं. जी भाषा एका संघाच्या सेवेत शिकले, तीच आता दुसऱ्या संघाच्या कामी आली. हिदेयोशीसमोर उभं राहून दुभाषाचं काम करणं सोपं नव्हतं, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर जिवावर बेतण्याची वेळ. पण फ्रान्सिस्कनांना राहण्याची परवानगी मिळाली. क्योतोमध्ये चर्च उभं राहिलं, कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ सुरू झालं.

पुढचं वेगात घडलं. १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, त्यावरच्या मालावरून वाद पेटला, हिदेयोशीचा संशय वाढला आणि डिसेंबरात क्योतो-ओसाकामधल्या मिशनरींना धरलं गेलं. जानेवारीत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली, आणि मग भर थंडीत नागासाकीपर्यंत नेलं. जवळजवळ महिनाभराचा रस्ता. निघाले चोवीस जण, वाटेत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे त्यांच्यातच गणले गेले. सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, आणि बाकी सतरा साधे जपानी प्रापंचिक. सर्वात लहान मुलगा बारा वर्षांचा.

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीची निशिझाका टेकडी. सव्वीस क्रूस ओळीने तयार होते. परंपरा सांगते की सर्वात आधी गोन्सालोंना क्रुसावर चढवलं. वय चाळीसच्या आसपास. १६२७ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केलं आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. जगभरच्या दिनदर्शिकेत मात्र ६ फेब्रुवारीला नाव असतं संत पॉल मिकी यांचं, आणि त्यापुढे नुसतं लिहिलेलं असतं, आणि सोबती. आपला वसईकर त्या सोबत्यांत आहे.

हे पॉल मिकी येशूसंघाचे. त्यांच्याबरोबरचे दोघे, योहान आणि दिएगो, यांनी तर क्रुसावर जाण्याच्या अगदी आधी येशूसंघाची व्रतं घेतली. म्हणजे तरुणपणी गोन्सालोंनी जे परत परत मागितलं, ते त्यांच्याच बाजूच्या दोघांना त्या दिवशी मिळालं. ते गोन्सालोंना कळलं की नाही, कळलं तर मनात काय आलं, हे फक्त प्रभूला ठाऊक. ते आपल्या क्रुसाकडे गेले, अंगावर फ्रान्सिस्कनांचा झगा होता.

आज संध्याकाळी रोझरी म्हणाल तेव्हा एक गूढ त्या व्यक्तीसाठी अर्पण करा, जिला नुकताच नकार मिळालाय आणि जी अजून त्रोवसच्या वाटेवर आहे. ती व्यक्ती तुम्ही स्वतः असाल तरी चालेल.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर.