गागोद्याचे विनोबा आणि मास्तरांची छडी

आपल्या रायगड जिल्ह्यातील विद्यार्थ्याला आचार्य विनोबा भावे यांच्याविषयी विचारले, तर भूदान हा एक शब्द तो चटकन सांगतो आणि थांबतो. परीक्षेतील दोन गुणांपुरते एवढे पुरते. परंतु हा माणूस आपल्याच मातीतला होता, आपल्यासारखाच शाळेच्या बाकावर बसला होता आणि त्यानेही मास्तरांची शिक्षा भोगली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. विनोबांचे समग्र चरित्र या स्मरणिकेच्या चार पानांत मावणार नाही. त्यांतील चोरी आणि शिक्षा या विषयाशी निगडित तेवढ्याच हकीकती सविस्तर सांगाव्यात, बाकीच्या ओझरत्या, असे मी ठरविले आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक या लहानशा खेड्यात झाला. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. (त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, रोह्याचे चिंतामणराव देशमुख जन्मले. ते पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. एकाच जिल्ह्यातील, जवळजवळ एकाच वयाची ही दोन मुले. एकाने देशाचा खजिना सांभाळला आणि दुसऱ्याने खिशात पैसा ठेवला नाही.) वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास असत. आई रुक्मिणीबाई, आजोबा शंभूराव आणि आजी यांच्या सहवासात विनायकाची पहिली नऊदहा वर्षे गागोद्यास गेली.

आजोबा शंभूराव हे विलक्षण गृहस्थ होते. वाई येथे भाव्यांचे कोटेश्वराचे देऊळ होते. त्या देवळाचे दरवाजे आजोबांनी त्या काळात हरिजनांना उघडले आणि एका मुसलमान गवयाला देवासमोर भजन गाण्यास बोलाविले. गावातील लोक रागावले, पण आजोबा डगमगले नाहीत.

याच आजोबांची गुळाची हकीकत आहे. घरातील एका मुलाने न विचारता गूळ घेतला आणि आजीने त्याला पकडले. चोर सापडला म्हणून आजीने त्याला आजोबांसमोर उभे केले. आता पाठीत धपाटा बसणार, अशीच कोणाचीही अपेक्षा असेल. आजोबांनी आधी चोरी हा शब्दच काढून टाकला. हे घर त्याचेही आहे, तेव्हा घरातील गूळही त्याचाच आहे. त्याने मागितला असता तर तो मिळालाच असता. मागितला नाही एवढीच त्याची चूक, असे त्यांनी आजीला समजाविले. मग मुलाला जवळ घेऊन गूळ हवा असेल तेव्हा मागत जा, असे सांगितले. शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला, की गूळ घेताना हात धुतले होते काय? मुलाने नाही म्हटले. तेव्हा यापुढे आधी हात धुवावेत, पुसावेत, मग मागावे आणि मग घ्यावा, असा नियम त्याला घालून दिला. त्या मुलाची सवय हळूहळू सुटली.

शिक्षक या नात्याने मला या हकीकतीतील हात धुण्याचा प्रश्न फार मोलाचा वाटतो. अपराध्याच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या मुलाला आजोबांनी त्या एका प्रश्नाने पुन्हा घरातील मूल केले.

आईचीही तीच रीत होती. लहानपणी विनायक हातातील काठीने घराच्या खांबांवर मारीत सुटे, तेव्हा खांबांतही देव आहे, त्यांना उगाच का दुखवावे, असे म्हणून ती त्याला थांबवी. घरी शिकण्यासाठी राहिलेल्या एका गरीब विद्यार्थ्याला ती ताजे, गरम अन्न वाढी आणि शिळे उरले तर स्वतः खाई किंवा आपल्या मुलाच्या ताटात घाली. विनायकाने एकदा तिला टोमणा मारला, की तुझ्या मनातील भेदभाव अजून गेलेला नाही. आईने ते मान्य केले. परका मुलगा आपल्याला देवासारखा दिसतो, पण तू मात्र अजून पोटचा मुलगाच वाटतोस. तूही देवासारखा दिसशील त्या दिवशी हा भेद उरणार नाही, अशा अर्थाचे तिचे उत्तर होते.

वडिलांची तऱ्हा निराळी. एकदा दिवाळीला ते बडोद्याहून घरी आले, तेव्हा त्यांच्या हातात एक पुडके होते. मिठाई असणार म्हणून मुलांनी ते उघडले, तर आत मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तके! वडिलांनी आणलेल्या मिठाईहून चांगली मिठाई कोणती असू शकेल, असे आईने सांगितले आणि विनायकाला ते पटले. पुस्तकांची गोडी त्याला तेव्हापासून लागली. परंतु हेच वडील मारीतही असत. हाडाला इजा होणार नाही अशा बेताने मारीत, पण वरचेवर मारीत. एके दिवशी मार पडला नाही. दुसऱ्या दिवशीही पडला नाही. विनायक बुचकळ्यात पडला. पुढे त्याच्या ध्यानात आले, की त्याला सोळावे वर्ष लागले होते आणि सोळा वर्षांच्या पुत्राला मित्राप्रमाणे वागवावे, हे शास्त्रवचन वडिलांनी तंतोतंत पाळले होते. माझ्या मते तोच नियम त्यांनी दहा वर्षे आधी लागू केला असता तरी मुलगा बिघडला नसता. असो.

आता शाळेची हकीकत. विनायकाच्या एका मास्तरांचा छडीवर फार भरवसा होता. ती लांब छडी ते कुलपात ठेवीत. रोज शाळा भरली की कुलूप उघडायचे, छडी बाहेर काढायची आणि मग शिकवायला आरंभ करायचा. मुलांना जशी आपली दौत किंवा पाटी प्रिय, तशी मास्तरांना ती छडी प्रिय होती म्हणा ना! एके दिवशी विनायकाने कुलूप उघडून ती छडी पळविली आणि फेकून दिली. मास्तरांच्या लक्षात आले, पण ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवी छडी आली. तीही गेली. तिसरी आली, तिचीही तीच गत झाली. मग मात्र मास्तर संतापले. छडी कोण नेतो, असे त्यांनी वर्गाला विचारले, पण सारा वर्ग कटात सामील होता. कोणीही तोंड उघडले नाही. अखेर नाव फुटलेच आणि विनायकाला पाचशे उठाबशांची शिक्षा झाली.

मोजण्याचे काम एका मुलावर सोपवून मास्तर बाकावर बसून राहिले. मोजणारा मुलगा मित्राच्याच बाजूचा. तो मधले आकडे गाळीत भराभर पुढे पळू लागला आणि थोड्याच वेळात पाचशे पुरे झाल्याचे त्याने जाहीर केले. मास्तरांनी जागेवर बसण्यास सांगितले. पण विनायक बसला नाही. तो मनातल्या मनात आपले खरे आकडे मोजीत होता. पाचशे झालेल्या नाहीत, एकशे तेवीसच झाल्या आहेत, असे त्याने स्वतःच मास्तरांना सांगितले.

मास्तरांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले असेल. मुलगा छडी चोरतो, पण आकडा चोरत नाही! त्यांनी त्याला खाली बसण्यास सांगितले आणि वर म्हटले, की अठरा जास्तच झाल्या आहेत. विनायक बसला, परंतु ही अठरा कोठून आली ते त्याला कळेना. खूप विचार केल्यावर त्याने स्वतःच अर्थ लावला. पाचशे म्हणजे पाच गुणिले शंभर असे न धरता पाच अधिक शंभर असे धरले, तर एकशे पाच होतात. आणि एकशे तेवीस म्हणजे अठरा जास्त. मास्तरांच्या मनात हाच हिशेब होता किंवा कसे, ते मास्तरच जाणोत. पण शिक्षा मागे घेताना मुलाचा मान राहील असे काही तरी त्यांनी केले आणि मुलानेही त्यांच्या दयेचा गणिताने उलगडा करून तो आयुष्यभर लक्षात ठेवला.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा हसलो होतो. नंतर माझ्याच वर्गात एक प्रसंग घडला आणि हसू गेले. रोह्याच्या बाजूच्या एका शाळेत मी नववीला शिकवीत होतो. एका मुलाला त्याच्या अब्बांनी कुवेतहून घड्याळ पाठविले होते. तो ते सर्वांना दाखवी, कोणाला हात लावू देत नसे. एके दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर तो रडतच वर्गात आला. घड्याळ मनगटावर नव्हते. शेजारी बसणारा मुलगा गरीब घरचा. आदल्याच दिवशी त्याने ते घड्याळ मागून पाहिले होते, एवढा पुरावा मला पुरला. सर्वांसमोर मी त्याचे दप्तर जमिनीवर उपडे केले. त्यातून वह्या, एक मोडकी पट्टी आणि कागदात गुंडाळलेली भाकरी निघाली. घड्याळ निघाले नाही, तरीही मी त्याला तासभर अंगठे धरून उभे केले. त्याने आपण घेतले नाही असे एकदा सांगितले, पुन्हा सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी मशिदीचे मुअज्जिन रुमालात बांधलेले घड्याळ घेऊन शाळेत आले. जोहरच्या नमाजासाठी वजू करताना मालकाने ते काढून ठेवले होते आणि नळावरच विसरला होता.

वर्गासमोर मी माझी चूक कबूल केली. संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या अम्मीने चहा दिला आणि सर, होते असे कधी कधी, म्हणून उलट माझीच समजूत घातली. मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही.

विनोबांच्या पुढील आयुष्याकडे वळू. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून ते मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेस उतरून काशीला गेले. त्याआधीच त्यांनी आपली प्रशस्तिपत्रे चुलीत टाकली होती. पुढे कधी उपयोगी पडतील, असे आईचे म्हणणे होते. आपल्याला त्यांची गरज पडणार नाही, असे मुलाचे. (विद्यार्थ्यांनी यातून भलताच बोध घेऊ नये. विनोबांनी प्रमाणपत्रे जाळली, अभ्यास जन्मभर सोडला नाही.) ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात ते गांधीजींना भेटले आणि कायमचे त्यांचे झाले. १९२१ मध्ये ते वर्ध्यास आले. आईला समजावी म्हणून गीता मराठीत आणण्याची इच्छा त्यांनी आई गेल्यानंतर ‘गीताई’ लिहून पुरी केली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी टिपून घेतली. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड केली.

आपल्या समाजाने विशेष ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. कुराण शरीफ मुळातून वाचता यावे म्हणून विनोबा अरबी शिकले. गांधीजींनी मौलाना आझाद यांच्यासमोर त्यांना पठण करावयास लावले, तेव्हा त्यांचे उच्चार ऐकून मौलाना चकित झाले, असे सांगतात. फाळणीनंतर १९४८ मध्ये उजाड झालेल्या मेवातमध्ये मेव मुसलमानांना पुन्हा वसविण्यासाठी ते राबले. १९६२ च्या सप्टेंबरात ते पूर्व पाकिस्तानातून पायी गेले, तेव्हा त्यांनी निवडलेल्या आयतींचे पुस्तक अजून छापून बाहेरही आले नव्हते. तरी या परधर्मीयाला हा अधिकार कोणी दिला, अशी टीका पाकिस्तानात सुरू झाली. पुस्तक पाहण्यापूर्वीच शिक्षा कशी देता, असा प्रश्न तेव्हा काही मुसलमान पत्रांनीच विचारला. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर तो वाद आपोआप विरला.

भूदान चळवळ सर्वांस ठाऊक आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर दिली. त्यानंतर विनोबा तेरा वर्षे देशभर चालत राहिले. लाखो एकर जमीन मिळाली. त्यातील बरीच नापीक होती आणि बरीच वाटलीही गेली नाही, हेही खरे आहे. परंतु माझ्या विषयाला त्याहून जवळची हकीकत चंबळ खोऱ्यातील आहे.

मानसिंह या प्रसिद्ध डाकूचा मुलगा तहसीलदारसिंह फाशीची शिक्षा होऊन नैनी तुरुंगात होता. त्याने विनोबांना पत्र लिहून भेटीची इच्छा कळविली. स्वतः जाणे शक्य नव्हते, म्हणून विनोबांनी मेजर जनरल यदुनाथसिंह यांना पाठविले आणि पुढे १९६० च्या मे महिन्यात ते स्वतः चंबळच्या घळींत चालत गेले. बरोबर शस्त्र नव्हते. ते त्या लोकांना डाकू म्हणत नसत. त्या महिन्यात वीस जणांनी आपल्या बंदुका त्यांच्या पायाशी ठेवल्या. पोलीस अधिकाऱ्यांनी उघड टीका केली. विनोबांनी कोणालाही माफीचे आश्वासन दिले नव्हते. खटले चालले, शिक्षा झाल्या. ज्यांच्या डोक्यांवर बक्षिसे लागली होती, ती माणसे आपल्या पायांनी चालत तुरुंगात गेली. हे वाचताना मला गागोद्याचा गूळ आणि आजोबांनी काढून टाकलेला तो एक शब्द आठवतो.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे, अन्नपाणी व औषध सोडून, विनोबांनी देह ठेवला. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले.

गागोदे पेणपासून फार लांब नाही. येत्या हिवाळ्यात आमच्या विद्यार्थ्यांना तेथे नेण्याचे ठरत आहे. घड्याळाच्या प्रसंगातील तो मुलगा आता दहावीत आहे. नावे लिहून घेताना मी त्याच्याकडे पाहिले, तर त्याने हात वर केलेला होता.