संत सिप्रियन : शिस्त आणि क्षमा

१६ सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा संत कॉर्नेलियस व संत सिप्रियन या दोन रक्तसाक्षींचे स्मरण करते. परमेश्वराची दया आणि ख्रिस्तसभेचा अधिकार यांचा मेळ घालण्याची कठीण जबाबदारी सिप्रियन यांच्यावर येऊन पडली होती. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरात वक्तृत्वशास्त्राचे नामवंत अध्यापक असलेल्या सिप्रियन यांनी इ. स. २४६ च्या सुमारास बाप्तिस्मा स्वीकारला. दोन-तीन वर्षांतच लोकाग्रहास्तव ते बिशप झाले. २५० साली सम्राट डेसियस याच्या हुकुमाने सर्वांना देवतांपुढे बळी देऊन तसा दाखला घेणे भाग पडले. असंख्य ख्रिस्ती डगमगले. काहींनी बळी दिला, काहींनी पैसे देऊन नुसताच दाखला मिळवला. सिप्रियन अज्ञातवासात गेले व पत्रांद्वारे कळपाचा सांभाळ करू लागले. त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली.

लवकरच पतित परत येऊ लागले. तुरुंगवास भोगणाऱ्या साक्षीदारांच्या शिफारसपत्रांवर काही धर्मगुरू त्यांना प्रायश्चित्ताविना ख्रिस्तप्रसाद देऊ लागले. उलट रोममध्ये नोव्हेशियन यांनी पतितांना दार कायमचे बंद केले. सिप्रियन यांनी दोन्ही टोके नाकारली. २५१ च्या कार्थेज परिषदेत प्रत्येकाची परिस्थिती स्वतंत्रपणे तपासण्याचे ठरले. केवळ दाखला घेतलेल्यांना परत घ्यावे, बळी दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे, मात्र मरणासन्न पश्चात्तापीला क्षमा नाकारू नये, असा तो निर्णय होता. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसताच प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांनाच ख्रिस्तप्रसादाचे बळ देण्यात आले.

त्यांची प्रत्येक भूमिका टिकली असे नाही. पाखंडींनी दिलेल्या बाप्तिस्म्यावरून त्यांचा पोप स्टीफन यांच्याशी वाद झाला आणि ख्रिस्तसभेने पुढे रोमचीच परंपरा मान्य केली. महामारीत मात्र त्यांनी ख्रिस्ती व अख्रिस्ती असा भेद न करता सेवा घडवून आणली.

सम्राट व्हॅलेरियनच्या छळात ते लपले नाहीत. १४ सप्टेंबर २५८ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. तत्पूर्वी मारेकऱ्याला २५ सुवर्णनाणी द्यावीत, असे त्यांनी आपल्या माणसांना सांगितले.

आपल्या धर्मग्रामांतही अनेक वर्षांनी मंदिराची पायरी चढणारे बंधुभगिनी असतात. त्यांचा अपराध काहीच नव्हता असे म्हणणे ही दया नव्हे आणि त्यांना उंबऱ्यावरच अडवणे हा अधिकार नव्हे. सिप्रियन यांनी त्यांना आत येण्याची वाट दाखवली. ती वाट आजही प्रायश्चित्त संस्कारातून जाते, हे आपण विसरू नये.