विद्येची शाल उतरवून



जयपूर म्हटले की गुलाबी राजवाडे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु ज्या राजपुतान्यात ते नगर वसले, त्या प्रांतावर १८९९-१९०० मध्ये भीषण दुष्काळ ओढवला. विक्रम संवत १९५६ वरून तो 'छप्पनिया काळ' या नावाने लोकांच्या स्मरणात राहिला. शेजारचा गुजरातही त्यात होरपळला. त्या वेळी पुणे जिल्ह्यातील केडगावहून एका स्त्रीने निराधार मुलींच्या सुटकेसाठी आपले साहाय्यक धाडले. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे व आई लक्ष्मीबाई यांच्याकडून त्यांना संस्कृत विद्येचा वारसा लाभला. पुढे १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील व थोरली बहीण अन्नान्न करीत गेली. मग भाऊ श्रीनिवास याच्यासह त्या अर्धपोटी, पायी उत्तर हिंदुस्थानात भटकल्या. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले.

येथेच आयुष्य थांबले असते तरी कीर्ती पुरेशी होती. परंतु देवाची योजना निराळी होती. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. लंडनमधील फुलहॅम येथे, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. प्रभू येशू व शोमरोनी स्त्री यांची भेट तेथेच त्यांच्या मनात खोल रुजली. अशा स्त्रियांनाही कोणी जवळ करते, हे त्यांना नवे होते. पुढे केडगावला 'कृपासदन' उभे राहिले, ते अशाच स्त्रियांसाठी.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदासदन सुरू केले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या व अनेक निराधार मुलींना आसरा दिला. १९०० नंतर मुक्तिसदनात दीड हजारांहून अधिक मुली व स्त्रिया होत्या. त्यांना खाऊ घालणे, त्यांचे आजार निस्तरणे, त्यांना वाचायला व पोटापुरते कमवायला शिकविणे हे रोजचे, दमविणारे काम होते.

परंतु वाचकहो, मला त्यांची सर्वांत मोठी सेवा आणखी एका गोष्टीत दिसते. या खेडवळ मुलींना मराठी पवित्र शास्त्रातील संस्कृतप्रचुर शब्द कळत नसत. तेव्हा उतारवयाकडे झुकलेल्या रमाबाई इब्री व ग्रीक शिकल्या आणि त्यांनी सोप्या मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. ज्या संस्कृत पांडित्याने त्यांना मान मिळवून दिला, तेच त्यांनी बाजूला ठेवले. छपाईचे काम सदनातील स्त्रियांनीच केले. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तरी हाती घेतलेले काम रमाबाईंनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण शास्त्र छापून निघाले १९२४ मध्ये. मंडळ्यांच्या नित्य वापरात ते फारसे रुजले नाही.

मग तो श्रम वाया गेला का? मी स्वतः भाषांतराच्या मेजावर बसतो. एखादा भारदस्त शब्द सुचला की तो सोडवत नाही. तो कोणासाठी लिहितो आहे, ऐकणाऱ्या भगिनीसाठी की माझ्या नावासाठी, असा प्रश्न रमाबाई मला दरवेळी घालतात.

वरच्या खोलीत प्रभूने बाह्य वस्त्र उतरवून ठेवले आणि मगच रुमाल कमरेला बांधला. आपल्याही खांद्यावर एखादी शाल असतेच: शिक्षणाची, घराण्याची, मंडळीतील पदाची. प्रीतिभोजनानंतर भांडी घासताना, शेजारच्या वृद्धेचे पत्र लिहून देताना किंवा अडखळणाऱ्या मुलाला तोच धडा तिसऱ्यांदा समजावताना ती आड येते. आज एका कामापुरती तरी ती उतरवून ठेवा. त्या कामाची वाहवा कोणी केली नाही, तरी ज्याच्यासाठी ते केले त्याला ते ठाऊक आहे.