भुलाभाईंची अखेरची वकिली

दिल्लीच्या लाल किल्ल्यात ५ नोव्हेंबर १९४५ रोजी आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांवरील लष्करी खटला सुरू झाला, तेव्हा बचावाची मुख्य धुरा वाहणारे भुलाभाई देसाई अडुसष्ट वर्षांचे होते. प्रकृती खालावलेली होती. ज्या काँग्रेस पक्षाचे मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी नेतृत्व केले, त्यानेच त्या सुमारास त्यांना उमेदवारी नाकारली होती. देसाई-लियाकत कराराचा रोष त्यांना भोवला. मान दुखावलेला मनुष्य घरी बसला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. भुलाभाई न्यायासनापुढे उभे राहिले.

वलसाडजवळच्या खेड्यात १८७७ साली जन्मलेले भुलाभाई मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले आणि अहमदाबादेत काही काळ प्राध्यापक होते. १९०५ पासून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली, अमाप कीर्ती व पैसा मिळविला आणि ॲडव्होकेट जनरलचे पदही भूषविले. बारडोलीच्या सत्याग्रहानंतर नेमलेल्या चौकशी समितीपुढे ते शेतकऱ्यांच्या वतीने उभे राहिले. शेतसाऱ्यातील बावीस टक्क्यांची वाढ त्या चौकशीअंती सहा टक्क्यांच्या आसपास आली. या अनुभवाने हा नेमस्त वकील काँग्रेसकडे वळला आणि १९३२ साली तुरुंगातही गेला.

लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा मुख्य आरोप होता. युद्ध केल्याची गोष्ट नाकारण्यासारखी नव्हती. जपान्यांच्या दडपणाची सबब सांगून दयेची याचना करणे, हा सोपा मार्ग होता. तो पत्करला असता तर कदाचित शिक्षा सौम्य झाली असती. परंतु त्या लढ्याची नैतिक बाजू कायमची लंगडी पडली असती. भुलाभाईंनी आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार घेतला. ऑक्टोबर १९४३ मध्ये स्थापन झालेले आझाद हिंद सरकार काही राष्ट्रांनी मान्य केले होते. त्याला स्वतःचे सैन्य होते आणि त्याने रीतसर युद्ध पुकारले होते. परतंत्र प्रजेलाही स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे आणि अशा युद्धातील सैनिकाला सामान्य गुन्हेगार मानता येत नाही, असे त्यांनी दोन दिवस चाललेल्या समारोपाच्या भाषणात प्रतिपादिले. साम्राज्याच्याच न्यायासनापुढे साम्राज्याच्या अधिकाराला दिलेले ते आव्हान होते.

लष्करी न्यायालयाने हा युक्तिवाद मानला नाही. तिघांनाही जन्मठेप सुनावण्यात आली. मात्र देशभर उसळलेल्या लोकक्षोभापुढे सरसेनापती ऑकिनलेक यांनी जानेवारी १९४६ च्या आरंभी ती माफ केली व तिघे मुक्त झाले. निकालपत्रात हरलेला खटला जनतेच्या दरबारात जिंकला गेला, यात त्या युक्तिवादाचा वाटा मोठा होता.

६ मे १९४६ रोजी भुलाभाईंचे निधन झाले. स्वातंत्र्याचा दिवस त्यांना दिसला नाही. मुंबईचा वॉर्डन रोड पुढे त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. राजकारणात त्यांच्या पदरी अखेर उपेक्षाच आली. वकील म्हणून मात्र त्यांनी एक आदर्श घालून दिला: अशिलाचे प्राण वाचविताना त्याचा स्वाभिमान गहाण टाकायचा नसतो.