पंधरातले आठ रुपये

आपल्या १९९५च्या दहावीच्या बॅचला तीस वर्षे झाली, त्यानिमित्त ही स्मरणिका निघते आहे. संपादक मंडळाने मला सॉफ्टवेअरमधल्या अनुभवांवर लिहायला सांगितले होते. मी विषय बदलून मागितला. त्याचे कारण आपला व्हॉट्सअॅप ग्रुप.

मेळाव्याच्या दिवशी शाळेतल्या गरजू मुलांच्या कॉलेज शिक्षणासाठी निधी सुरू करायचा, हे आपण सर्वांनी एकमताने ठरवले. भांडण लागले ते अटींवरून. पैसे द्यायचे की कर्ज म्हणून द्यायचे? कुठल्याही शाखेला द्यायचे की नोकरी लागेल अशाच शाखेला? मुलाने मध्येच वाट बदलली तर परत मागायचे का? तेव्हा सगळ्यांत लांबलचक मेसेज माझा होता, हे तुम्हाला आठवत असेल. सोबत एक्सेलचा तक्ताही जोडला होता. हप्ते, मुदत, किमान टक्केवारी, सगळे त्यात होते.

त्याच आठवड्यात मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी नामदार गोखल्यांचे चरित्र वाचायला घेतले. गोपाळ कृष्ण गोखले म्हणजे फर्ग्युसन, गांधीजींचे गुरू आणि गणिताच्या बक्षिसाची ती प्रामाणिकपणाची गोष्ट, एवढेच मला ठाऊक होते. पण या वेळी मी अडकले ती त्यांच्या फीच्या हिशेबात.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागलला नोकरीत होते. १८७९ मध्ये ते वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता आणि थोरला भाऊ गोविंद अठराच्या आसपास. गोविंदरावांनी शिक्षण सोडले आणि कागललाच पंधरा रुपये महिन्याची नोकरी धरली. त्या पंधरातले आठ रुपये ते दरमहा कोल्हापूरला शिकणाऱ्या गोपाळला पाठवत.

मी इंजिनिअर असल्यामुळे आधी वजाबाकी केली. पंधरातून आठ गेले की सात उरतात. म्हणजे मिळवत्या माणसाच्या, त्याच्या संसाराच्या वाट्याला सात आणि शिकणाऱ्या धाकट्याला आठ. बँकेचा कुठलाही अधिकारी असले कर्ज मंजूर करणार नाही. तारण नाही, हमी नाही आणि हप्ता देणाऱ्याच्या निम्म्याहून अधिक पगार त्यातच जातो.

गोपाळनेही ते आठ रुपये जपून वापरले. स्वतः रांधायचे, एक वेळ जेवायचे. चरित्रकार एक प्रसंग सांगतात. एका मित्राने त्याला नाटकाला नेले. गोपाळला वाटले, मित्रच तिकीट काढतो आहे. नंतर मित्राने दोन आणे मागितले. ते भरून काढायला गोपाळने दिव्याचे तेल बंद केले आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास केला. या गोष्टीतून लहानपणी आपल्याला काटकसर शिकवली गेली. आता वाचताना मला वेगळेच दिसले. हा मुलगा भावाकडे आणखी दोन आणे मागू शकत नव्हता. ते कुणाच्या ताटातून येतील, हे त्याला माहीत होते.

१८८१ मध्ये तो मॅट्रिक झाला. पुढे काय, हा प्रश्न घरात आलाच. गोपाळचे मन नोकरी धरून भावाचा भार हलका करावा असे म्हणत होते. गोविंदराव आणि त्यांची पत्नी यांनी ते होऊ दिले नाही. वहिनीने कॉलेजसाठी आपले दागिने पुढे केले. गोपाळ राजाराम कॉलेजात गेला, पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. तिथे त्याला महिना वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १८८४ मध्ये तो बी. ए. झाला तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्या काळी पुण्यात कितीतरी मुले माधुकरी मागून किंवा घरोघर वार लावून शिकत. त्या मानाने गोपाळ भाग्यवान, कारण त्याच्या मागे एक घर उभे होते.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी ती घडली आहे. खरा पेच पुढे आहे.

बी. ए. झालेल्या हुशार मुलाने वकील व्हावे, घर वर काढावे, ही घरच्यांची अपेक्षा होती आणि ती गैर नव्हती. गोखले कायद्याचा अभ्यासही करू लागले होते. दरम्यान पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांनी पस्तीस रुपयांवर शिक्षकाची नोकरी धरली. पब्लिक सर्व्हिस परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या शिकवण्या घेऊन ते घराला हातभार लावत. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले होते. टिळक, आगरकर यांच्यासारखी माणसे तिथे होती. सोसायटीच्या आजीव सदस्याने वीस वर्षे तिथेच शिकवायचे आणि पंच्याहत्तर रुपयांच्या आसपास पगारावर राहायचे, असा नेम होता. वीस वर्षांच्या गोखल्यांना त्यात शिरायचे होते.

त्यासाठी त्यांनी भावाची संमती मागितली.

गोविंदरावांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आपले शिक्षण सोडले, बायकोचे दागिने पणाला लावले, वर्षानुवर्षे अर्ध्याहून अधिक पगार पाठवला. आता फळ पदरात पडायच्या वेळी धाकटा म्हणतो, मी वकील होत नाही, मास्तर होतो. माझ्या एक्सेलच्या तक्त्यात या परिस्थितीसाठी एक ओळ होती : शाखा बदलल्यास रक्कम परत. गोविंदरावांना ते सहज पटले नसणार, पण त्यांनी संमती दिली. १८८६ मध्ये गोखले आजीव सदस्य झाले.

पुढचे सगळे त्या एका होकारावर उभे आहे. गोखले इंग्रजी शिकवत, गणित शिकवत, नंतर इतिहास आणि अर्थशास्त्रही. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांत चालले आणि त्याच्या मानधनाने त्यांना पुढे आधार दिला. फर्ग्युसनच्या इमारतीसाठी ते सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत. कुणी मान देई, कुणी दारातून परत पाठवी. टेकडीच्या पायथ्याची ती इमारत आपण येता-जाता बघतो, तिच्यात त्यांची पायपीट आहे. १९०२ मध्ये ते तीस रुपयांच्या निवृत्तिवेतनावर कॉलेजातून बाहेर पडले आणि सार्वजनिक कामाला पूर्ण मोकळे झाले. १२ जून १९०५ रोजी त्यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी पुण्यात स्थापन केली. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. गोविंदरावांच्या कुटुंबाची जबाबदारीही त्यांनी आपली मानली.

भावाचे ऋण त्यांनी आणखी एका जागी फेडले असे मला वाटते. मार्च १९११ मध्ये त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ज्या भागात ते लागू होईल तिथे सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची आणि ज्या पालकांची कमाई महिना दहा रुपयांच्या आत आहे त्यांना फी माफ. खर्च सरकार आणि स्थानिक संस्थांनी वाटून घ्यायचा. पंधरा रुपयांत घर चालवून आठ रुपये पाठवणाऱ्या भावाचा धाकटा हे कलम लिहीत होता. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडले. गोखल्यांनी प्रयत्न सोडला नाही, पण शरीर साथ देत नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते पुण्यात गेले.

आता माझे थोडे. तुमच्यापैकी फार थोड्यांना हे ठाऊक आहे. बारावीनंतर माझी फ्री सीट थोडक्यात हुकली आणि पेमेंट सीट मिळाली. बाबा नुकतेच कारखाना बंद पडल्याने घरी बसले होते. शैक्षणिक कर्जाची योजना सर्रास रुळायच्या आधीचे ते दिवस, बँकेने तारण विचारले. आमच्याकडे नव्हते. दादा आयटीआय करून भोसरीत लागला होता. फी त्याने भरली. कुठून, ते मी विचारले नाही. २००१ मध्ये पदवी मिळाली तेव्हा मंदी होती. कॅम्पसमधून मिळालेल्या नोकरीची रुजू होण्याची तारीख पुढे पुढे जात राहिली. वर्षभर मी एका क्लासमध्ये अगदी कमी पगारावर शिकवले. दादाने एकदाही विचारले नाही, की आता किती दिवस. नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसची रक्कम मी त्याच्या हातात ठेवली, तेव्हा वहिनीकडून कळले, की माझ्या फीसाठी काढलेल्या पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता तो अजून भरत होता. त्याने एकही अट घातली नव्हती म्हणून मी ते वर्ष ताठ मानेने काढू शकले.

आणि मी मात्र आपल्या शाळेतल्या मुलांसाठी अटींचा तक्ता बनवत होते.

तेव्हा माझा प्रस्ताव मी मागे घेते. पैसे नीट जावेत, फी थेट कॉलेजात भरावी, हिशेब दरवर्षी ग्रुपवर मांडावा, एवढे नियम असावेत. ते काम मी करीन. शाखेची अट नको, परतफेडीचे बंधन नको. उद्या आपल्या पैशांवर शिकलेली एखादी मुलगी येऊन म्हणाली, की मला इंजिनिअर व्हायचे नाही, शिक्षिका व्हायचे आहे, तर आपल्या निधीने तिला हो म्हणावे.

पहिल्या वर्षाची माझी वर्गणी मी मेळाव्याच्या दिवशी भरते आहे. पावती दादाच्या नावाने फाडा.