कावसजीचे नाक आणि तुमचे जुने इम्प्लांट

स्तनातील सिलिकॉन इम्प्लांटला दहा-पंधरा वर्षे झाली आणि डॉक्टरांनी पुन्हा शस्त्रक्रियेचा विषय काढला, की पहिली शस्त्रक्रिया फसली असे तुम्हाला वाटू शकते. अशा वेळी कावसजीची हकिकत माहीत असावी. चिखलीकरांना ती जवळचीच, पुण्याच्या परिसरातली.

कावसजी मराठा शेतकरी. १७९२ च्या युद्धात तो इंग्रज फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. (त्या माणसाचे नाव कोणी नोंदवलेच नाही!) ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही पद्धत कावसजीच्या चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली.

पद्धत अशी होती: मेणाचे नाक करून ते सपाट करायचे, कपाळावर त्याचा आकार आखायचा आणि तेवढी त्वचा सोडवून खाली वळवायची. दोन भुवयांमधला पट्टा मात्र कापायचा नाही, कारण नव्या नाकाला रक्त तिथूनच मिळते. वर काथाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपाच्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो पट्टा कापून नाकाचा आकार पुन्हा थोडा सुधारायचा. म्हणजे दुसरी वेळ ठरलेलीच होती.

जिवंत त्वचा एकदा रुजली की शरीराचाच भाग होते. सिलिकॉन तसे होत नाही. त्याभोवती शरीर आवरण तयार करते. ते आवळले तर स्तन कडक होतो, दुखतो, आकार बदलतो. इम्प्लांट फाटले तरी कधी काहीच जाणवत नाही, म्हणून एमआरआय किंवा सोनोग्राफी सुचवतात. मात्र त्रास नसेल आणि तपासणी ठीक असेल, तर केवळ वर्षे झाली म्हणून काढण्याची घाई नको. अनेक वर्षांनी अचानक सूज आली, तर मात्र लगेच दाखवा.

शस्त्रक्रिया लागलीच, तर इम्प्लांट बदलता येते, नुसते काढता येते किंवा पोटाच्या अथवा पाठीच्या ऊतींनी स्तन घडवता येतो. या शेवटच्या पर्यायात रक्तपुरवठा राखण्याचे तत्त्व कावसजीच्या नाकाचेच आहे. शस्त्रक्रिया मोठी असते, पोटावर किंवा पाठीवर व्रण राहतो आणि मधुमेह किंवा तंबाखू असेल तर जखम भरायला वेळ लागतो. पहिल्या शस्त्रक्रियेचे इम्प्लांट कार्ड सापडले तर सोबत न्या.